उलटा लावलेला तुकडा

हाडताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण एकोणतीस वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की एखाद्या कागदावर सही करायला कुणी खऱ्या नावानं बोलावलं तर त्या आधी मागे वळून दुसरं कोण आहे ते बघत. नाव कुणी ठेवलं यावर दोन मतं होती. रक्त तपासणाऱ्या खोलीतल्या टवाळ मुलींनी ठेवलं असं प्रयोगशाळेचं म्हणणं, आणि हाडताईंच्या नवऱ्याच्या दुकानातून आलं असं त्यांच्या सुनेचं. नवरा शिंपी. बायको काय करते असं कुणी विचारलं, की टेपवरची नजर न काढता तो म्हणायचा, हाडं कापते. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं राही. त्यानं माप बरोबर येतं, असा त्याचा दावा होता.

तसं बघितलं तर तो खोटं बोलत नव्हता. हाडताई खरंच हाडं कापत, फक्त फार बारीक.

लोकांची एक ठाम समजूत असते, की अंगातला तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला की तिथे तो यंत्रात टाकतात आणि पलीकडून रिपोर्ट बाहेर येतो. समजूत मोठी गोड आहे. प्रत्यक्षात तो तुकडा आधी औषधात मुरतो, मग त्यातलं पाणी काढून तिथे मेण भरतात, मग त्या मेणाच्या वडीचे, म्हणजे ब्लॉकचे, इतके पातळ काप काढतात की एका केसाच्या जाडीत पंधरा-वीस सहज बसावेत. काप कोमट पाण्यावर तरंगतो, तिथून काचेवर उचलायचा, वाळवायचा, रंगवायचा. एवढं सगळं झालं की मग डॉक्टर खुर्चीत बसतात आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात. रिपोर्टाखाली सही त्यांची. आधीच्या चार-पाच दिवसांत कुणाचे हात लागले, हे कुठे छापलेलं नसतं.

हाडाचं प्रकरण तर आणखी त्रासाचं. हाडात चुना असतो, चुन्यानं पातं बोथट होतं आणि कापाच्या चिंध्या होतात. म्हणून हाड आधी आम्लात ठेवून त्यातला चुना काढायचा. कमी दिवस ठेवलं तर पातं जातं. जास्त ठेवलं तर पेशी रंगच धरत नाहीत, काचेवर नुसती फिकट धुक्यासारखी पुसट नक्षी उरते. बरोबर दिवस कुठला, हे पुस्तकात दिलंय म्हणतात. हाडताईंनी ते पुस्तक कधी उघडलं नाही. त्या चिमट्यानं तुकडा उचलून नखानं दाबायच्या आणि म्हणायच्या, उद्या दुपारी. उद्या दुपारीच तो तयार असे.

त्या इथे आल्या होत्या बाटल्या धुवायला, बाविसाव्या वर्षी. तेव्हाचे जुने तंत्रज्ञ, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते सांगायचे की ही मुलगी धुताना बाटलीलासुद्धा प्रश्न विचारते. मूतखडा मऊ का पडत नाही, कानाचं हाड दगडासारखं आणि नाकाचं रबरासारखं का, माणूस म्हातारा झाला हे त्याच्या गुडघ्याच्या कापावरून कळतं का. मास्तर वैतागले आणि एके दिवशी यंत्राच्या चाकावर तिचा हात ठेवून म्हणाले, फिरव, म्हणजे तोंड बंद राहील. तोंड काही बंद राहिलं नाही, पण हात बसला. पुढे सगळ्या परीक्षा त्यांनी संसार सांभाळत दिल्या. आणि संध्याकाळी डॉक्टर गेले की त्यांच्याच सूक्ष्मदर्शकावर दिवसभरात आपण काय कापलं ते बघत बसायचा त्यांना नाद लागला. घरी मात्र बंदी होती. जेवताना हाड, गाठ आणि आम्ल हे तीन शब्द काढायचे नाहीत, हा सुनेचा कायदा.

त्यांना गर्व होता, आणि तो लपवायच्या भानगडीत त्या पडत नसत. त्यांचा काप गुळगुळीत असे. ओरखडा नाही, घडी नाही, चीर नाही. बाहेरचे डॉक्टर काच उजेडात धरून विचारत, हे कुणी कापलं? तेव्हा त्या मुद्दाम टेबल पुसत राहायच्या, कारण मान वर केली असती तर चेहऱ्यावरचं दिसलं असतं. हाच गुळगुळीतपणा पुढे त्यांना नडला.

एका सोमवारी एक लहानशी बाटली आली. बाई, वय सत्तावीस, डाव्या बाजूची सहावी बरगडी. आत तीन तुकडे, दोन मऊ आणि एक खरखरीत, वाटाण्याएवढा. मऊ तुकडे हाडताईंनी आधीच वेगळे काढले, कारण मऊला आम्ल दाखवायचं नाही हा त्यांचा नियम होता. खरखरीत तुकडा आम्लात गेला. बुधवारी मऊ तुकड्यांच्या काचा डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर गेल्या.

डॉक्टरीणबाई हाडांच्या गाठींच्या जाणकार. हाडताईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, आणि शिकाऊ असताना पातं कसं धरायचं ते हाडताईंकडूनच शिकलेल्या. त्यामुळे दोघींमध्ये कुणी कुणाचा मान ठेवायचा याचा घोळ कधी मिटला नाही. काचेवर गोल, निळ्या, खेटून बसलेल्या पेशी होत्या, दुसरं काही नाही. अशा निळ्या गोल पेशींच्या गाठी पाच-सहा प्रकारच्या असतात आणि सगळ्या एका आईची लेकरं असाव्यात तशा दिसतात. सगळ्याच वाईट, सगळ्याच घाईच्या. डॉक्टरांच्या मनात त्यातल्या दोन होत्या. एक युइंग, जी त्यातल्या त्यात नेहमीची. दुसरी इतकी दुर्मिळ, की सगळ्या नोकरीत त्यांनी ती दोनदा पाहिली होती. तिचं नाव भलतंच लांब, म्हणून हाडताई तिला नुसतं बेटवाली म्हणत. तिच्यात निळ्या पेशींच्या मधोमध कूर्चेची बेटं असतात. कूर्चा म्हणजे कानाच्या वरच्या कडेला हाताला लागतं ते, हाडही नव्हे आणि मांसही नव्हे. एक जरी बेट सापडलं तरी निदान पक्कं. नाही सापडलं तर दोघींत फरक करणं अवघड.

आणि फरक नुसता नावाचा नव्हता. युइंग असेल तर आधी औषधं, काही महिने, मग शस्त्रक्रिया. बेटवालीला त्या औषधांचं फारसं सोयरसुतक नसतं; तिथे आधी सुरी, आणि तीही लवकर. चुकीच्या नावानं सुरुवात केली तर औषधं अंगाची नासाडी करत राहणार आणि गाठ आपली वाढत राहणार. जनुकांच्या तपासणीनं हे कळलं असतं, पण ती दूर पाठवायची होती आणि उत्तराला तीन आठवडे लागणार होते. गाठ महिन्यात दुप्पट झाली होती. सर्जन थांबायला तयार नव्हते. त्यांनी पुढच्या आठवड्यानंतरचा सोमवार औषधांसाठी धरून ठेवला होता. आता सगळी भिस्त आम्लातल्या त्या वाटाण्यावर.

तो पुढच्या गुरुवारी तयार झाला. हाडताईंनी त्याचा ब्लॉक यंत्रावर चढवला आणि चाक फिरवलं. ब्लॉकचे वरचे काही थर नेहमीच वाकडेतिकडे येतात. ते जाडजाड तासून टाकायचे आणि पूर्ण तोंड उघडं पडलं की खरे काप घ्यायचे. तासताना पातं अडलं. चरचर आवाज आला आणि कापाला चीर पडली. थोडा चुना राहिलाय, असं त्या मनात म्हणाल्या. आम्लात भिजवलेल्या कापडावर ब्लॉक तासभर पालथा ठेवला, परत चढवला, परत तासला. पुन्हा तेच. आणखी तासला. शेवटी पातं मऊ धावायला लागलं आणि रेशमी फितीसारखे काप निघाले. हाडताई खूश झाल्या.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी बोलावलं. काचेवर परत निळ्या पेशी आणि कडेला जुन्या बरगडीचा सांगाडा. डॉक्टर नाराज होत्या. रक्तवाहिन्या हरणाच्या शिंगांसारख्या फुटल्यात, त्या म्हणाल्या, माझं मन म्हणतंय इथे कूर्चा असायला हवी. मग त्यांनी विचारलं, कापताना कुठे वेगळं काही लागलं का?

हाडताई म्हणाल्या, नाही.

हे खोटं नव्हतं, म्हणजे त्यांना तेव्हा तसं वाटलं नाही. चुना लागला होता, आणि चुना काही वेगळा नसतो. पण परत येऊन खुर्चीत बसल्या आणि त्यांचं कामात लक्ष लागेना. चुना कसा वाजतो हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. चुना कोरडा वाजतो आणि तुटतो. कालचं ते तुटण्याआधी पात्याला ओढत होतं.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्यांनी सुनेचा कायदा मोडला. तिन्ही शब्द काढले, एकेक करून. सुनेनं ताट उचललं आणि टीव्हीसमोर गेली. नवऱ्यानं मात्र सगळं ऐकून घेतलं. कापण्याचा विषय निघाला की तो कान टवकारतोच. अस्तराला कापड चिकटलेलं असलं की कात्री फिरताना आधी हाताला कळतं, डोळ्याला मागून, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यानं विचारलं, "हाताला कळलं होतं ना तुझ्या?"

"कळलं होतं बहुतेक."

"मग तोंडानं नाही कशाला म्हणालीस?"

हाडताईंना इतकी लाज वाटली की त्या हात धुवायला उठल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत. कारण उत्तर त्यांना माहीत होतं. चिरलेला काप डॉक्टरांना दाखवायचा नव्हता. एकोणतीस वर्षांत दाखवला नव्हता, म्हणून.

शनिवारी त्या सगळ्यांच्या आधी पोचल्या. यंत्राखालच्या ट्रेमध्ये आठवडाभराचं तासण साठलेलं असतं आणि ते शनिवारी झाडतात. अजून झाडलं नव्हतं. त्यांनी दिवा ओढून घेतला आणि चिमट्यानं मेणाच्या सुरळ्या निवडायला बसल्या. गुरुवारचं तासण वरच्या थरात असणार, हा एक आधार. डॉक्टर आल्या तेव्हा त्यांच्यासमोर काचेवर वाकडेतिकडे पाच-सहा जाड काप रंगवून तयार होते. हाडताईंनी उभं राहूनच सगळं सांगितलं. आवाज आला होता, ओढलं होतं, मी चुना समजले आणि तासून टाकलं, आणि काल तुम्ही विचारलंत तेव्हा नाही म्हणाले.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या आधी काचेकडे धावल्या, आणि हाडताईंना हेच त्यांचं आवडायचं. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "आहे. कूर्चा आहे, आणि तिला चिकटून निळ्या पेशी पण आहेत." मग मागे टेकल्या. "पण ताई, हे मी वापरू शकत नाही."

हाडताईंनाही ते माहीत होतं. गुरुवारी त्याच यंत्रावर एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याचे ब्लॉक कापले होते, आणि गुडघा म्हणजे कूर्चाच कूर्चा. ट्रेमधला तुकडा कुणाचा, हे कुणाच्याही तोंडून सिद्ध होणार नव्हतं. कचऱ्यातून उचललेल्या सुरळीवर एका बाईची छाती उघडायची, अशी सही कुठलाही शहाणा डॉक्टर करणार नाही. डॉक्टर पेनचं टोपण उघडत आणि लावत होत्या.

मग हाडताई म्हणाल्या, "मी एकाच बाजूनं तासलंय. तुकड्याची पाठ अजून कोरी आहे."

मेण वितळवायचं, तुकडा काढायचा, पालथा करायचा आणि परत मेणात बसवायचा. सांगायला सोपं. पण तो तुकडा आता अर्ध्या वाटाण्याएवढाही उरला नव्हता. जनुकांच्या तपासणीला द्यायचे मऊ तुकडेही जवळजवळ संपले होते. पाठीकडून काही निघालं नाही तर दुसऱ्यांदा बरगडीत सुई घालावी लागणार, आणि सोमवार काही त्यासाठी थांबणार नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, तुमच्या हातावर सोडते. हाडताईंना त्या क्षणी हे वाक्य मुळीच नको होतं.

त्यांनी नवं पातं लावलं. या वेळी काहीच तासायचं नाही असं ठरवलं. पहिल्या स्पर्शापासून जे निघेल ते सगळं काचेवर घ्यायचं, अर्धवट असो, फाटलेलं असो, आणि प्रत्येक काचेवर आकडा टाकायचा. पहिल्या काचेवर नखाएवढीही जागा भरली नाही. दुसरीवर नुसती किनार. जन्मात त्यांनी इतकं गबाळं काम केलं नव्हतं, आणि विशेष म्हणजे त्यांना त्यात गंमत वाटायला लागली. एरवी हे सगळं ट्रेमध्ये जातं. आज पहिल्यांदा त्या ब्लॉकच्या वरच्या थरांत काय असतं ते बघत होत्या. अकराव्या कापाला पातं ओढलं गेलं. आवाज तोच. हाडताईंनी चाक थांबवलं, श्वास सोडला आणि इतक्या हळू फिरवलं की काप निघायला अर्धं मिनिट लागलं. तो मधोमध फाटला होता, पात्याचा आडवा ओरखडा घेऊन. त्यांनी तो तसाच फाटका उचलला.

दुपारी तीनला रंग चढला. निळ्या गर्दीच्या मध्ये फिकट जांभळं बेट होतं, दोन तुकड्यांत फाटलेलं, आणि त्याच्या काठावर निळ्या पेशी हळूहळू कूर्चेच्या होत चाललेल्या दिसत होत्या. पुढच्या सहा काचांवरही तेच बेट, थोडं मोठं होत गेलेलं. एकाच तुकड्यातलं, आकडे घातलेलं. डॉक्टरांनी हाडताईंना खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, बघा तुमची बेटवाली. हाडताईंनी पाहिलं, आणि आनंद व्हायच्या आत त्यांच्या मनात आलं, की हे सापडणं कुणाच्या तरी आयुष्यात काही चांगली बातमी नाही. तरी आनंद झालाच. तो त्यांनी दाबला नाही.

डॉक्टरांनी सर्जनना फोन लावला. उचलला नाही. मदतनीसाकडे निरोप ठेवला, लेखी रिपोर्टही पाठवला, आणि त्या दोन आठवड्यांच्या रजेवर गेल्या. निरोप पोचला का, पोचला तर सोमवारच्या आत पोचला का, हे हाडताईंना कोण सांगणार? त्या ज्यांची हाडं कापतात त्यांना कधी भेटत नाहीत. दहा दिवस त्यांनी नेहमीचं काम केलं. फक्त तासताना हात सारखा अडत होता.

अकराव्या दिवशी खिडकीशी एक तरुण बाई आली. डोक्याला सुती रुमाल घट्ट बांधलेला. दुसऱ्या हॉस्पिटलातल्या सर्जनला काचांचा नवा संच हवाय, असं म्हणून तिनं कागद पुढे केला. हाडताईंनी आकडा वाचला. बरगडी, डावी, सहावी. त्यांनी वर पाहिलं. रुमालाखाली केस नव्हते, कानाच्या मागे पांढुरकी कातडी आणि नुसती खुरटी लव दिसत होती. औषधं सुरू झाली म्हणजे. निरोप पोचला नाही.

त्यांची नजर रुमालावरून हलेना. बाईनं ते ओळखलं असावं. ती रुमालाला हात लावून म्हणाली, औषधांनी नाही गेले हो, मीच काढले. मूठ-मूठ हातात येताना बघण्यापेक्षा एकदाच काढून टाकावेत म्हणून औषधांच्या आदल्या रविवारी काढले. आणि सोमवारी जाऊन बसले तर माझं नाव पुकारलं आणि सांगितलं, घरी जा, आधी ऑपरेशन. ते आता परवा आहे.

खिडकीतून बोलण्यात अर्थ नव्हता. हाडताईंनी दार उघडून तिला आत घेतलं, जे नियमात बसत नाही. ती एका रंगाच्या दुकानात रंग मिसळून द्यायचं काम करत होती, त्यामुळे तिनं आधी रंगांच्या बरण्यांबद्दलच विचारलं. हा निळा कशाचा, हा गुलाबी किती वेळ ठेवता, धुतल्यावर उतरतो का. हाडताईंना असे प्रश्न विचारणारं माणूस एकोणतीस वर्षांत भेटलं नव्हतं. मग ती म्हणाली, "मला माझं बघता येईल?"

हाडताईंनी फाटक्या कापाची काच सूक्ष्मदर्शकाखाली लावून दिली. ती वाकली.

"यातलं घाई करणारं कुठलं?"

"निळं."

"आणि हे मधलं?"

"ती कूर्चा. ती कुणाला काही करत नाही फारसं. पण तिच्यावरूनच निळ्याचं नाव कळलं."

ती बघत राहिली. तेव्हा हाडताईंनी तिला सांगितलं. ठरवून नाही, सांगितल्याशिवाय काच परत घेववेना म्हणून. की हे बेट आधी गुरुवारी लागलं होतं, आणि मी ते चुना समजून तासून टाकलं. नाव दोन दिवस उशिरा कळलं ते माझ्यामुळे. तुमचे केस गेले ते माझ्यामुळे.

बाईनं सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला नाही.

"माझ्या त्या तुकड्यातलं अजून किती उरलंय?" तिनं विचारलं.

"थोडंच. आत्ता तुमच्यासाठी कापायचंय ते त्यातूनच."

ती सरळ झाली. तिचे डोळे ओले होते, पण आवाज दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावा तसा साधा होता. तिनं बाजूचं स्टूल ओढलं आणि यंत्राशेजारी बसली.

"मग जपून कापा," ती म्हणाली. "मी बघते."